न मरणाऱ्यांचा देश

"भावजी, आज हा भात तुम्ही खा," म्हणत बुन्नेवहिनीनं गोधडीखालचा पितळी वाडगा काढून माझ्यापुढे ठेवला, आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

तो वाडगा कुणाचा, हे जोन्जूतल्या आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तो मानसोकचा, तिच्या एकुलत्या एका मुलाचा. घरचं माणूस परमुलखात असलं की आमच्या बायका संध्याकाळी त्याच्या वाटणीचा भात वाडग्यात भरतात, झाकण घालतात आणि जमिनीचा जो कोपरा खालून फिरणाऱ्या चुलीच्या धगीनं सगळ्यात जास्त तापतो तिथे गोधडीखाली ठेवतात. मग तो असेल तिथे उपाशी झोपत नाही, असं म्हणतात. मानसोकचा वाडगा एकोणीस वर्षं तिथे होता. सकाळी त्यातला गार भात वहिनी स्वतः खायची. दुसऱ्या कुणाच्या घशाखाली त्यातलं एक शीत गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

"अहो, पण मानसोकला..." मी चाचरलो.

"मेलेल्याला गरम भात लागत नाही," ती म्हणाली. "त्याला कच्चे तांदूळ लागतात, आणि तेही समुद्रात."

मग तिला खोकल्याची उबळ आली. तोंडाला लावलेलं फडकं तिनं माझ्या नजरेआड दुमडलं, पण मी काही आंधळा नव्हतो. तिचा नवरा दोक्बे डोंगरात लाकूड निवडायला गेला होता, आणि तो नसतानाच तिनं मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. बोलली ती थोडकंच. वैद्यानं तिला सांगितलं होतं की यंदा शेतातला जव पिवळा झालेला बघितलास तर नशीब समज. त्याच्या आत तिला किनाऱ्यावर जाऊन मुलाचा आत्मा पाण्यातून काढून घ्यायचा होता. बुडून मेलेला माणूस ओल्या कपड्यांनी तळाशी कुडकुडत बसतो. देवरुषिणीनं विधी करून वर काढल्याशिवाय तो आपल्या पूर्वजांत जाऊन बसत नाही. आणि तो तिथे नसला तर ही मेल्यावर त्याला भेटणार कुठे? एवढंच तिचं म्हणणं होतं.

दोक्बे मात्र विधीचं नाव काढू देत नव्हता. जिवंत माणसाचा आत्मा बोलावला तर माणूस मरतो, आणि आपला मुलगा जिवंत आहे, हा त्याचा हेका. वहिनीनं रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"त्या नकाशाचं खूळ त्यांच्या डोक्यातून तुम्हीच काढा," ती म्हणाली. "आमच्या घरात अक्षर येतं कुणाला? तुमचं ते ऐकतात."

मी मान डोलावली आणि भात खाल्ला. कसा खाल्ला ते माझं मला माहीत. कारण ते खूळ त्याच्या डोक्यात मीच घातलेलं होतं.

दोक्बे आणि मी, दोघंही मिन पंडितांच्या छापखान्यात. तो कोरणारा, मी छापणारा. तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणायचो, तो मला नुसतं पी, माझ्या आडनावानं. नासपतीचं लाकूड मिठाच्या पाण्यात उकळायचं, सावलीत तीन वर्षं वाळवायचं, मग त्यावर लिहिलेला कागद उलटा चिकटवायचा आणि जिथे शाई नाही तेवढं सगळं कोरून काढायचं, हे त्याचं काम. दोक्बेला एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि जोन्जूत त्याच्याइतकं सुबक अक्षर कोरणारा दुसरा नव्हता. वाचता येणारा माणूस कोरायला ठेवू नये, असं आमचे जुने लोक सांगत. तो डोळ्यांपुढचं सोडून डोक्यातलं कोरतो.

माझं काम त्यानंतरचं. त्या कोरलेल्या लाकडी पाटीवर काजळीची शाई फासायची, कागद अंथरायचा आणि वरून गोळ्यानं घासायचं. हा गोळा केसांचा असतो. बायकांच्या फणीतले केस गोळा करून, मेण पाजून, भाकरीएवढा घट्ट थापलेला. गल्लीतल्या सगळ्या बायका मला आपला गुंता आणून देत, पण माझ्या गोळ्यात निम्म्याहून जास्त केस बुन्नेवहिनीचे. तरुणपणी काय भार होता तिच्या केसांचा!

पंडितांकडे सगळ्यात जास्त खपायचा तो जगाचा नकाशा. प्रत्येक खानदानी घराला तो लागायचा, पाहुणा आला की उलगडून दाखवायला. थाळीसारखा गोल नकाशा. मधोमध जमीन, तीत चीन ऐसपैस पसरलेला, त्याच्या कुशीला आमचा देश जोसोन, असावा त्यापेक्षा अंमळ मोठाच, कारण नकाशा आम्ही काढलेला. त्याभोवती गोल समुद्र आणि समुद्रात बेटंच बेटं. त्याभोवती परत जमिनीचं कडं आणि त्याच्याही बाहेर पाणी. पूर्वेच्या टोकाला एक झाड, तिथून सूर्य निघतो. पश्चिमेच्या टोकाला दुसरं, तिथे बुडतो. आणि देश तरी किती! बुटक्यांचा देश, एकडोळ्यांचा देश, अंगभर केस असलेल्यांचा देश. एका देशात माणसांच्या छातीला आरपार भोक. तिथल्या बड्या लोकांना पालखी लागत नाही, नोकर भोकातून बांबू घालतात आणि मालकाला खांद्यावर मारून चालू लागतात. बायकांच्या देशात बाप्या नावाला नाही. तिथली बाई विहिरीत डोकावली की गरोदर राहते. हे ऐकून आमच्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या, मग आम्ही हे नवरे पोसतो कशाला?

हे सगळं पाहिलं कुणी होतं? कुणीही नाही. जुन्या चिनी पोथ्यांत लिहिलेलं होतं, आणि पोथीत आहे म्हणजे जगात असणारच, नाहीतर पोथीत येईल कुठून? देश जितका लांब तितकी माणसं विचित्र. आम्ही शेजारच्या जिल्ह्यातल्या लोकांनासुद्धा जरा वेडंवाकडं समजतो, मग समुद्रापलीकडच्यांच्या छातीला भोक पडलं तर नवल ते काय?

त्याच नकाशात, दक्षिणेच्या समुद्रात, नखाएवढ्या जागेत एक देश होता. न मरणाऱ्यांचा.

मानसोक तेव्हा अठरा वर्षांचा होता. बापाच्या हाताखाली कोरायला बसायचा, पण त्याचं चित्त थाऱ्यावर नसायचं. एकदा भर दुपारी त्याची सुरी घसरली आणि तीन महिन्यांच्या कामावर आडवी रेघ पडली. दोक्बेनं सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. मी तिथेच होतो. पोरग्यानं सुरी पुसून खाली ठेवली आणि तो उठून गेला. चौथ्या दिवशी कळलं की तो बुआनच्या किनाऱ्यावर ढोमा मासे धरणाऱ्यांच्या नावेत चढला. तीन आठवड्यांनी वादळ झालं. सात नावा गेल्या होत्या, पाच परत आल्या. चाळीस दिवसांनी मानसोकच्या नावेचं एक वल्हं आणि कुणाचीतरी गवती टोपी वाळूत सापडली.

दोक्बे महिनाभर अर्धवट कोरलेल्या पाटीपुढे हात मांडीवर ठेवून बसून होता. नकाशाची पाटी पूर्वीच झाली होती, पण सोबतच्या मजकुराच्या पाट्या अडल्या होत्या, आणि पंडितांनी सुभेदाराच्या माणसांना नवीन वर्षाआधी सगळं देण्याचा शब्द दिलेला. काम उठलं नाही तर दोघांनाही हाकलीन, असं ते मला बजावून गेले. मला दोक्बेची दया येत होती, खोटं नाही सांगत. पण त्यात दया किती आणि माझ्या पोटाची भीती किती, हे मला तेव्हाही निवडता आलं नाही आणि आजही येत नाही.

माझा बाप गावच्या कचेरीत कारकुनाच्या हाताखाली होता, त्यामुळे चार अक्षरं मला येत. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसा मी. मी एक ओला छाप उचलला, त्याच्यापुढे धरला आणि बोट टेकवलं. म्हटलं, "दादा, हे बघ. आपल्या किनाऱ्यावरून भरकटलेली नाव इथे लागते. हा न मरणाऱ्यांचा देश. इथे पोचला तो मरत नाही. फक्त परत येता येत नाही."

त्यानं बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "हे इथे लिहिलेलं आहे?"

"तूच तर कोरलंयस," मी म्हटलं.

तो उठला आणि त्यानं मला नकाशाच्या पाटीपाशी नेलं. लाकडात सगळं उलटं, उजवं ते डावीकडे, म्हणून तिथे ती जागा नेमकी कुठली ते मला दाखवायला लावलं. मी दाखवली. त्यानं तिच्यावर अंगठा ठेवला. दुसऱ्या दिवशी तो कामाला लागला, आणि मी आपली पाठ थोपटून घेतली.

तेव्हापासून रोज सकाळी सुरी हातात घेण्याआधी तो त्या जागेवर अंगठा फिरवायचा. एकोणीस वर्षांत तिथली अक्षरं झिजून गुळगुळीत झाली. छापताना त्या ठिकाणी मला शाईचा एक जास्तीचा हात द्यावा लागे. वहिनीनंही पहिली दोन-तीन वर्षं विश्वास ठेवला. मग त्याच नावेतल्या दुसऱ्या एका पोराच्या आईनं विधी केला आणि तिनं समुद्रात सोडलेल्या वाडग्यात केस आला. वाडग्यात केस आला म्हणजे माणूस आला. तिथून वहिनीचा विश्वास उडाला, आणि नवरा-बायकोत जे सुरू झालं ते थांबलंच नाही. दोक्बे एकच बोलायचा, एकदा हात उचलला त्याच्यावर, आता परत नाही.

असा तो वाडगा, आणि तो भात मी खाल्लेला. त्या दिवसापासून रोज सकाळी ठरवायचो की आज दोक्बेला सांगून टाकू, आणि रोज संध्याकाळी ठरवायचो की उद्या. असे दहा दिवस गेले. वहिनीचा खोकला भिंतीपलीकडे ऐकू यायचा.

अकराव्या दिवशी मिन पंडित हातात एक यादी घेऊन आले, चेहरा आंबट. त्यांचा पुतण्या राजाच्या वकिलातीबरोबर पेकिंगला जाऊन आला होता. तिथून त्यानं पश्चिमेच्या पाद्र्यांनी काढलेला जगाचा नकाशा आणला. मग कुणाच्यातरी साठीच्या मेजवानीत दोन्ही नकाशे शेजारी शेजारी उलगडले गेले, आणि मंडळी आमच्या नकाशावर पोट धरून हसली. एकानं तर म्हणे पंडितांना विचारलं, आपण अंगरखा जरा वर करता का, छाती बघू. पंडितांना ते लागलं. त्यांनी अकरा देश लिहून आणले होते. तेवढे काढा, म्हणाले, आणि तिथे पाणी दाखवा.

मी विचारलं, "हे देश गेले कुठे मग?"

"गेले कुठे म्हणजे? नव्हतेच."

पुतण्याचा नकाशा त्यांनी माझ्यापुढेही उलगडला, माझं तोंड बंद करायला. त्यात दक्षिणेला एक अगडबंब जमीन होती, आमच्या अख्ख्या नकाशाएवढी. तिथे काय आहे, असं मी विचारलं. पोपट, पंडित म्हणाले. पाहिले कुणी? तर अजून तिथे कुणी गेलेलं नाही. म्हणजे आमची छातीची भोकं गेली आणि त्यांचे पोपट आले. मला हसू आलं, पण मालकापुढे हसायचं नसतं. एका मेजवानीत एका माणसाचं हसं झालं, आणि अकरा देश बुडाले.

पाटीतली चूक दुरुस्त करायची म्हणजे तेवढा चौकोन छिन्नीनं काढायचा, त्या मापाचा नव्या लाकडाचा तुकडा ठोकून बसवायचा, रंध्यानं सपाट करायचा आणि वर नव्यानं कोरायचं. यादी वाचून दाखवायची ती मीच, दोक्बेला कुठे वाचता येतं? मी एकेक नाव वाचत गेलो आणि पाटीवर जागा दाखवत गेलो. शेवटून तिसरं नाव न मरणाऱ्यांचं होतं. मी ते गाळलं. दहा वाचली आणि कागद घडी करून कमरेला खोचला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे काय मला कळत नव्हतं? पण मी झाकलं.

दोक्बेनं तीन दिवसांत दहाही देश काढले. छातीला भोक असलेल्यांचा काढताना थोडा हसला. म्हणाला, "बिचाऱ्यांना आता बांबूसुद्धा नाही." तो असा हलक्या आवाजात थट्टा करायचा, जुन्या काळी फार करायचा. मला ते ऐकून बरं वाटलं, आणि लगेच वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी पंडित पहिला छाप बघायला आले. उभ्या उभ्याच यादी जुळवली आणि नखानं कागदावर टकटक केलं. "एक राहिला की. हा. न मरणाऱ्यांचा देश. यावर तर अंगावर पिणारं पोरसुद्धा विश्वास ठेवणार नाही."

दोक्बेच्या हातातली सुरी थांबली. "मालक," तो म्हणाला, "तिथे माणसं राहतात."

"कुणी सांगितलं तुला?"

मी जमिनीकडे बघत होतो. आता माझं नाव येणार, आणि येऊ दे एकदाचं, असंही मला वाटलं. दोक्बेनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ऐकलं होतं कुठेतरी," म्हणाला. पंडित खो-खो हसले, मेजवानीतलं त्यांचं हसं त्यांनी इथे वसूल करून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत पाटी पुरी करा म्हणून निघून गेले.

ते गेल्यावर दोक्बे बराच वेळ सुरी धारेला लावत बसला. सुरीला धार होती.

"पी, तुला ठाऊक होतं?"

"दादा, पोथीत तसं होतं."

"पोथीचं नाही विचारत. आपल्या किनाऱ्यावरची नाव तिथे लागते, हे पोथीत होतं?"

मी म्हटलं, "नाही."

तो चिडला असता, त्यानं छिन्नी फेकली असती, तर मला सोसलं असतं. त्यानं फक्त मान हलवली. मग मी भडाभडा बोलत सुटलो, वहिनीचा आजार, वैद्याचं सांगणं, तिला काय हवंय, तिनं मला तो भात कसा वाढला. तो म्हणाला, तिचं फडकं मीच धुतो रे, मला दिसत नाही का? आणि पाटी पुढे ओढून त्यानं बारीक छिन्नी घेतली.

चाळीस वर्षांत त्याचा हात कधी घसरला नव्हता. त्या दिवशीही घसरला नाही. तुकडा अख्खा निघाला, नखाएवढा, वरून अंगठ्यानं गुळगुळीत झालेला. त्या जागी बसवायला वाळलेलं लाकूड उरलं नव्हतं, दहा देशांत संपलं होतं, म्हणून त्यानं कच्चं, पुरतं न वाळलेलं लाकूड ठोकलं. त्यावर लाटा कोरल्या. काढलेला तुकडा बाहीत घालून तो घरी निघाला, आणि मीही मागोमाग गेलो. का गेलो ते मला सांगता येणार नाही. उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो.

त्यानं तुकडा वहिनीच्या तळहातावर ठेवला. "घे. किनाऱ्यावर कधी जायचं ते ठरव."

"हे काय आहे?"

"मानसोकचा देश," तो म्हणाला.

तिनं तुकडा उलटसुलट करून पाहिला. तिला तरी काय वाचता येणार? मग ती चुलीपाशी गेली आणि तो जाळात टाकला. चुलीवर पाणी ठेवलेलं होतं. "एवढ्यानं तर पाणी कोमटही व्हायचं नाही," ती म्हणाली. त्या संध्याकाळी गोधडीखाली वाडगा ठेवला गेला नाही.

किनाऱ्यापर्यंत दोन दिवस लागले. वहिनीला चालवत नव्हतं म्हणून बैलगाडी केली. देवरुषीण जाडजूड, गरगरीत, आवाज घोगरा. तिनं मानसोकचाच पितळी वाडगा घेतला, त्यात कच्चे तांदूळ भरले, झाकण लावून पांढऱ्या कापडात गाठ मारली, आणि त्या गाठीला लांबच लांब पांढरा तागा बांधला. वाडगा ओढायला आणि गाठ सोडायला रक्ताच्या नात्याचा माणूस नको, असं ती म्हणाली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

सकाळ होती, ओहोटी लागत होती. देवरुषीण ढोल वाजवत गात होती आणि दोक्बे गुडघाभर पाण्यात उभा राहून हाका मारत होता. मी वाडगा खोल पाण्यात सोडला, पहिल्यांदा वर काढला, गाठ सोडली, तांदूळ पांढरे स्वच्छ. दुसऱ्यांदा शेवाळाची एक काडी. देवरुषिणीनं ढोल थांबवून विचारलं, किती वर्षं झाली म्हणालात? एकोणीस? अगं बाई, इतकी वर्षं त्या गारठ्यात कोण थांबेल? गेला असेल कुठेतरी दुसरीकडे. तिसरी खेप शेवटची, ती म्हणाली. त्यानंतर हाक मारायची नसते.

दोक्बे कमरेइतक्या पाण्यात गेला. "ये रे," तो म्हणत होता. "ये बाबा. नाही मारणार मी. नाही मारणार."

वाळूत घोंगडी अंथरून वहिनी बसली होती. तिचे डोळे पाण्यावर नव्हते, माझ्या हातांवर होते.

माझ्या बाहीच्या दुमडीत एक केस होता. निघण्याच्या आदल्या दिवशी मी तो माझ्या गोळ्यातून उपसून घेतला होता. कशासाठी, ते मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं. तिसऱ्यांदा वाडगा वर आला. मी पाठ वळवून गुडघ्यावर बसलो आणि गाठ सोडली. तांदळात काही नव्हतं. मग होतं.

देवरुषिणीनं ढोलावर थाप मारली. वहिनीनं हात पुढे केला, मी केस तिच्या हातावर ठेवला. लांब, काळा केस. लग्न न झालेली आमची पोरं लांब वेणीच ठेवतात, त्यामुळे लांबीत काही चुकत नव्हतं. तिनं तो उजेडात धरला. नाकाशी नेला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मी मेल्यावरच विसरेन.

"अहो, आला," ती दोक्बेला म्हणाली. "मानसोक आला. या आता पाण्याबाहेर, गारठाल."

दोक्बे बाहेर आला आणि वाळूत पालथा पडून रडला. एकोणीस वर्षांचं रडू होतं ते. वहिनीनं केस कागदात गुंडाळला, वाडग्यात ठेवला, वाडगा मांडीवर घेतला. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

परतताना दोक्बे बैलाची दोरी धरून पुढे चालत होता, हलका झाल्यासारखा, मधूनच बैलाशी काहीबाही बोलत. मी गाडीच्या मागच्या बाजूला होतो. बऱ्याच वेळानं वहिनी हळू आवाजात म्हणाली, "भावजी, माझ्या मुलाच्या केसांना मेणाचा वास नव्हता."

मी मागे पडत जाणाऱ्या चाकोरीकडे बघू लागलो.

"आणि हा माझाच आहे. माझा मला ओळखू येतो. एकदा त्यांना फसवलंत, एकदा मला. आता पुरे."

मी म्हटलं, "वहिनी, परत जाऊ. दुसरी देवरुषीण बघू, मी स्वतः..."

"तीन हाका झाल्या," ती म्हणाली. "त्यांच्यापाशी यातलं चकार काढलंत तर बघा. झोपू दे त्यांना. मी जाणारच आहे, मीच शोधीन तिथे त्याला." मग म्हणाली, "कुठे शोधायचं ते मात्र आता कुणाला विचारू?"

जव पिवळा झालेला तिनं पाहिला. कापणी पाहिली नाही.

याला आता सहा वर्षं झाली. दोक्बेचे डोळे गेले, तो कोरत नाही. मृतांच्या दिवशी तो दोन वाडगे मांडतो, एक बायकोचा, एक मुलाचा, आणि मला बोलावतो. मायलेक एकत्र आहेत, त्यांना आता काही कमी नाही, असं सांगतो. तू होतास म्हणून गाठ सुटली, असंही दरवर्षी सांगतो, आणि माझ्यासाठी तांदळाच्या दारूचा पहिला पेला भरतो. मी तो पितो. न पिऊन सांगू काय त्याला?

नकाशा अजून खपतो. बाकीच्या दहा जागी समुद्र अगदी साफ उमटतो, पण दक्षिणेला त्या एका जागी लाटा काळ्या पडतात. शाई कमी लावून पाहिली, टिपून पाहिली, काही फरक नाही. पंडित चिडतात. तिथे आता काही नाही ना, म्हणतात, मग डाग कसला? मी सांगतो, मालक, तुकडा कच्च्या लाकडाचा आहे, शाई जास्त पितो. वाळेल हळूहळू. सहा वर्षं मी हेच सांगतो आहे.